जुन्या फ्रेमवर मायक्रोशिफ्ट ॲडव्हेंट १×९: कुठे जमतं, कुठे अडतं

अडगळीतल्या पार्ट्समधून ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल, जोडायला घेतली की सुरुवातीचे आठ-दहा पार्ट पटापट जमतात. फ्रेम असते, चाकं असतात, क्रँक कुठल्यातरी डब्यात निघतो. मग काम एकाच जागी येऊन थांबतं: ड्रॉप हँडलवरून (खाली वळलेल्या रोड हँडलवरून) मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, चालवायची कशी? माउंटन बाइकचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) ड्रॉप हँडलवर बसत नाही, कारण सपाट हँडलची पकडीची जागा २२.२ मिमी जाडीची आणि ड्रॉप हँडलची २३.८. जुन्या रोड बाइकचा शिफ्टर हँडलवर बसतो, पण त्याच्या जोडीचा रोड डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट) २७-२८ दात्यांच्या पुढे गेला की कुरकुरतो. नेमक्या या अडचणीवर तैवानच्या मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट हा ९ स्पीडचा संच उपाय म्हणून घ्यायचा. जुन्या सायकलीत नवीन घालायची एकच मोठी वस्तू कोणती, असं विचारलं तर उत्तर हेच. फक्त त्याची अट समजून घ्या. हा संच जुन्या फ्रेमशी, जुन्या हबशी, जुन्या क्रँकशी छान नांदतो. जुन्या शिफ्टरशी किंवा जुन्या डिरेलरशी मुळीच नाही.

संचात उजव्या हाताचा शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकत्र, डावीकडे नुसता ब्रेक लिव्हर, क्लच (चेन ताणून धरणारी सोय) असलेला मागचा डिरेलर आणि ११-४२ दात्यांची कॅसेट. चेन ९ स्पीडची कोणतीही साधी चालते, आणि जुन्या पार्ट्सच्या कामात ही मोठीच सोय आहे. पुढे डिरेलर नाही, चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चकती) एकच.

अट काय ते आधी. शिफ्टरने १ मिमी केबल ओढली की डिरेलर किती मिमी सरकतो, हे प्रमाण प्रत्येक घराण्याचं वेगळं असतं. शिमानोच्या ९ स्पीडपर्यंतच्या रोड आणि माउंटन डिरेलरमध्ये ते जवळपास १.७ आहे आणि दोघांत सारखं आहे, म्हणून शिमानोच्याच टियाग्रा किंवा सोरा या रोड संचाचा जुना ९ स्पीड शिफ्टर डिओरे या माउंटन संचाच्या ९ स्पीड डिरेलरला बिनतक्रार चालवतो. (अपवाद ड्युरा-एस ७४०० मालिकेचा.) माउंटनच्या १० स्पीडपासून ते प्रमाण १.२ च्या आसपास आलं आणि सगळी गंमत संपली. टियाग्रा ४७०० दिसायला १० स्पीड, पण केबल ओढतो ११ स्पीड रोडच्या हिशेबाने. ॲडव्हेंटचं प्रमाण या कशाशीच जुळत नाही. डब्यात चांगला डिओरे पडलाय म्हणून नुसता ॲडव्हेंटचा शिफ्टर घेतला, तर दोन-तीन चकत्यांपर्यंत गिअर बरोबर पडतील आणि पुढे चेन दोन चकत्यांच्या मध्ये खडखडत राहील. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू) फिरवून ते सुटत नाही. एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला बिघडतं, हीच त्याची ओळख. शिफ्टर आणि डिरेलर जोडीनेच घ्या.

आता जुन्या मालाकडे. सगळ्यात आधी मागचं चाक तपासा, कारण संच बसणार की नाही हे तिथेच ठरतं. ॲडव्हेंटची कॅसेट शिमानो एचजी पद्धतीच्या खाचांच्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबच्या फिरत्या भागावर बसते. ८, ९ आणि १० स्पीडच्या जुन्या हबवर ती थेट जाते. ११ स्पीडचा रोड हब असेल तर कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा स्पेसर घाला, नाहीतर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पूर्ण घट्ट करूनही कॅसेट हलते. ७ स्पीडचा फ्रीहब आखूड असतो, त्यावर नऊ चकत्या मावत नाहीत. आणि खूप जुन्या चाकावर फ्रीहब नसतोच. आट्यांवर चढवलेला फ्रीव्हील असतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. ओळखायचं असं: चाक स्थिर धरून चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या, पाना अडकवायच्या खाचांकडे पाहा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघाला तर चाक बदला, त्यावर वेळ घालवू नका.

फ्रेमच्या मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचांमधलं) आतलं अंतर मोजा. माउंटन आणि ट्रेकिंग सायकलींचं १३५ मिमी, रोडचं १३०, त्याआधीच्या ६-७ स्पीड रोडचं १२६. स्टीलची फ्रेम १३० वरून १३५ वर ताणता येते, प्रत्येक बाजूला अडीच मिमी. ताणल्यावर हेडट्यूबपासून मागच्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत दोरा बांधून सीटट्यूबपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे ना ते बघायचं, आणि ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करायचे. ते राहिलं तर ॲक्सल वाकतो किंवा तुटतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच नाही.

कोणती फ्रेम घ्यावी याबाबत मत स्पष्ट आहे: ७००सी चाकांची जुनी ट्रेकिंग किंवा हायब्रिड फ्रेम, शक्यतो स्टीलची, व्ही-ब्रेक किंवा कँटिलिव्हरच्या (हे दोन्ही रिम दाबणारे ब्रेक) खुंट्या असलेली. १३५ मिमीचा हब, ३८-४० मिमी टायरला जागा, मडगार्डची भोकं, सगळं आधीच असतं. जुन्या रोड फ्रेमचा मोह होतो कारण ती देखणी असते, पण २८ मिमीच्या पुढे टायर बहुधा जात नाही आणि ग्रॅव्हल हे नाव मग नावापुरतंच उरतं. २६ इंची माउंटन फ्रेम हा दुसरा चांगला पर्याय. तिच्या रिमचा टायर बसायचा व्यास ५५९ मिमी, ७००सीचा ६२२. ब्रेकच्या खुंट्या ५५९ साठी ठरलेल्या जागी असल्याने ७००सी चाक आत मावलं तरी ब्रेक पॅड रिमपर्यंत पोचत नाहीत. त्यापेक्षा २६ × २.१ चे गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचे टायर लावा. त्यांचा बाहेरचा व्यास ७०० × २३ च्या रोड टायरइतकाच येतो, म्हणजे गिअरचं गणितही फार बिघडत नाही.

माउंटन फ्रेमची खरी अडचण लांबी. ती सपाट हँडलसाठी आखलेली असते. ड्रॉप हँडल आणि त्यावरची लिव्हरची बैठक मिळून हात जवळपास १०० मिमी पुढे जातात. १०० मिमीचा स्टेम काढून ५० चा लावला तरी निम्मंच अंतर भरून निघतं. म्हणून ड्रॉप हँडल लावायचं असेल तर नेहमीपेक्षा एक माप लहान फ्रेम शोधा. पुढे सस्पेन्शन फोर्क असेल आणि त्याजागी साधा फोर्क लावणार असाल तर ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची लांबी जुळवा. २० मिमीचा फरक पडला की हेडट्यूबचा कोन साधारण एक अंशाने बदलतो. फोर्क ४० मिमीने आखूड झाला तर सायकल समोरून बिचकल्यासारखी वागते. स्टेम जुन्या क्विल पद्धतीचा, म्हणजे फोर्कच्या नळीत आत जाणारा असेल तर एक इंची फोर्कमध्ये २२.२ मिमीची खुंटी जाते. त्याच मापाचा ॲडॉप्टर घालून वर २८.६ मिमीचा आधुनिक स्टेम बसवता येतो. हँडलच्या मधल्या जाडीची तीन मापं फिरत असतात, २५.४, २६.० आणि ३१.८. यातली पहिली दोन डोळ्यांना सारखी वाटतात. व्हर्नियर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. २६ च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल कितीही आवळलं तरी खड्ड्यात आपटल्यावर फिरतं.

क्रँकला फारसा खर्च नाही. जुना तीन चेनरिंगचा क्रँक घ्या, तिन्ही काढा आणि मधल्या जागी एक नॅरो-वाइड चेनरिंग लावा. नॅरो-वाइड म्हणजे आलटून-पालटून जाड-बारीक दाते, चेन धरून ठेवणारे. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास बघून चेनरिंग मागवा: चार बोल्टचा १०४ मिमी, पाच बोल्टचे ११० आणि १३०. ११० वर ३४ पर्यंत खाली येता येतं, १३० वर ३८ च्या खाली नाही. ७०० × ४० टायरवर ३८ ची चेनरिंग आणि ११-४२ कॅसेट घेतली तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीला सायकल जेमतेम २ मीटर जाते, सगळ्यात जड गिअरमध्ये साडेसात मीटर. मिनिटाला ९० फेऱ्यांनी हे ताशी ४० किमीच्या आसपास येतं. सामान लादून चढ चढायचे असतील तर ३६ किंवा ३४ घ्या. उतारावर पॅडल मारायला थोडं कमी पडेल इतकंच.

चेनलाइनवर मात्र वेळ द्या. सीटट्यूबच्या मध्यापासून चेनरिंगच्या दात्यापर्यंतचं अंतर मोजायचं. जुन्या माउंटन क्रँकवर ते ४७.५ ते ५० येतं, आणि १३५ च्या हबवर कॅसेटचा मध्य साधारण ४५ वर असतो. चेनरिंग फार बाहेर राहिली तर ४२ च्या चकतीवर असताना पॅडल उलटं फिरवलं की चेन खालच्या चकतीवर घसरते. लोक डिरेलरला दोष देतात. दोष बॉटम ब्रॅकेटच्या लांबीचा असतो. चौकोनी टोकाच्या बंद ब्रॅकेटचा स्पिंडल ५ मिमीने आखूड घेतला की चेनरिंग अडीच मिमी आत येते, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आधी चेनरिंग आणि चेनस्टेमध्ये (ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीमध्ये) ३ मिमी तरी फट उरते का ते बघा. ब्रॅकेट काढताना लक्षात ठेवा: इंग्लिश आट्यांच्या ६८ किंवा ७३ मिमी शेलमध्ये चेनकडची बाजू उलट्या आट्यांची, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून निघते. ७० मिमीचं इटालियन शेल असेल तर दोन्हीकडे सरळ आटे. गंजून बसलेला कप चुकीच्या दिशेला आवळत बसण्यात कित्येक फ्रेमींचे आटे गेले आहेत.

ब्रेक हा या संचाचा सगळ्यात कमी चर्चेत येणारा आणि सगळ्यात धोकादायक भाग. ॲडव्हेंटचे ड्रॉप लिव्हर कमी केबल ओढणारे आहेत. रोड कॅलिपर, कँटिलिव्हर आणि रोडसाठीचे केबलवाले डिस्क ब्रेक यांना ते जुळतात. जुन्या ट्रेकिंग फ्रेमवर सहसा असतो तो व्ही-ब्रेक, आणि त्याला जवळपास दुप्पट केबल लागते. जोडून टाकला तर स्टँडवर सगळं ठीक वाटतं, कारण पॅड रिमला अगदी चिकटवून ठेवलेले असतात. रिम जरा आऊट झाली की पॅड घासतात. ते सैल केले की लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. उपाय तीन. आखूड, म्हणजे ८० ते ९० मिमी बाह्यांचे मिनी व्ही-ब्रेक. हे चांगले चावतात, पण टायर ३५ मिमीच्या वर गेला की वरची वायर टायरच्या डोक्याशी येते आणि मडगार्डला जागा उरत नाही. दुसरा, जुने कँटिलिव्हर. जागा भरपूर, चिखलात उत्तम, पण बसवायला चिकाटी लागते आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर फोर्क थरथरतो. केबलचा आधार हेडसेटवरून काढून फोर्कच्या क्राउनवर लावला की थरथर बरीच जाते. तिसरा, व्ही-ब्रेक तसाच ठेवून मध्ये कप्पीचा ॲडॉप्टर. चालतो, पण केबल तिथे तीव्र वळते आणि लवकर झिजते. ४० मिमी टायर आणि कँटिलिव्हर, हीच निवड इथे योग्य ठरेल. डिस्कची सोय असलेली फ्रेम मिळाली तर प्रश्नच मिटला, फक्त कॅलिपर रोड आवृत्तीचाच घ्या. एव्हिडचा बीबी७ रोड आणि माउंटन अशा दोन वेगळ्या प्रकारांत येतो, आणि जुन्या बाजारात दोन्ही एकाच नावाने पडलेले असतात.

रिम ब्रेक ठेवणार असाल तर जुन्या रिमवर सरळ पट्टी टेकवून बघा. ब्रेकची बाजू खोलगट झाली असेल तर ती रिम फेकून द्या. हवेच्या दाबाने तिची भिंत फाटते. हब उघडून ग्रीस बदलणं हे या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम. कप-कोन पद्धतीच्या हबमध्ये पुढे प्रत्येक बाजूला ३/१६ इंची दहा छर्रे, मागे १/४ इंची नऊ. कोनवर खड्डे पडलेले दिसले तर कोन बदला, नुसत्या नव्या छर्ऱ्यांनी काही होत नाही.

जोडणीत डिरेलर लावण्याआधी हँगर (फ्रेमवरचा, डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) सरळ करून घ्या. ४२ च्या चकतीला तिरका हँगर अजिबात सहन होत नाही. हँगर गेजने रिमच्या चार ठिकाणी मोजल्यावर फरक ४ मिमीच्या आत यायला हवा. मग लिमिट स्क्रू (डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे), मग चेन. चेनची लांबी: डिरेलर सोडून चेन थेट मोठ्या चकतीवरून आणि चेनरिंगवरून गुंडाळा, टोकं जिथे भेटतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा. नंतर चेन ४२ वर आणून मागचा बी-स्क्रू असा फिरवा की वरची कप्पी चकतीपासून ५-६ मिमीवर राहील. तो फार आवळला तर छोट्या चकत्यांवर गिअर सुस्त पडतात, सैल राहिला तर कप्पी ४२ वर खडखडते. क्लच बंद ठेवून हे सगळं करा आणि शेवटी चालू करा. चाक काढतानाही क्लच आधी बंद करायचा.

गिअरची आउटर ४ मिमीची, आत सरळ तारा असलेली. ब्रेकची ५ मिमीची, गुंडाळलेल्या तारेची. गिअरची आउटर ब्रेकला लावू नका. जोराचा ब्रेक लागला की ती फुटते. जुनी आउटर वापरून पैसे वाचवायचा विचार असेल तर नवा शिफ्टर घेऊच नका, कारण केबल आत अडली की पहिली शंका शिफ्टरवर येते. पान्याच्या ताकदीचे आकडे: कॅसेटचं लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर, चौकोनी टोकाच्या क्रँकचा बोल्ट ३५ ते ५०, स्टेमचे बोल्ट ५ च्या आसपास.

चालवायला कसा आहे? गिअर ठाम पडतो, आवाज करून पडतो. ब्रेक लिव्हर फक्त ब्रेकचंच काम करतो. गिअरसाठी त्याच्या मागे दोन वेगळ्या पात्या आहेत. शिमानोची सवय असलेल्याला सुरुवातीला लिव्हर आडवा ढकलावासा वाटतो. जाड हातमोजे घातल्यावर लहान पाती शोधावी लागते. क्लच चालू असताना हलक्या गिअरकडे जायला बोटाला जरा जास्त जोर लागतो. त्याच्या बदल्यात खडकाळ उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही आणि उतरत नाही. पुढे डिरेलर नसलेल्या सायकलीवर ही किंमत रास्त आहे. मोठी तक्रार वजनाची: स्टीलची कॅसेट हातात घेतली की कळतं. दुसरी तक्रार गिअरमधल्या अंतराची. ११ ते ४२ नऊ चकत्यांत म्हणजे प्रत्येक पायरी सरासरी १८ टक्क्यांची. डोंगरात हे जाणवत नाही, पण सपाट रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध एक गिअर जड आणि त्याखालचा हलका, असं होतं. ११-३४ च्या कॅसेटवर ती पायरी सरासरी १५ टक्क्यांची पडते. मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालवणार असाल, तर जुन्या ९ स्पीड शिमानो शिफ्टरला डिओरेचा डिरेलर, ११-३४ ची कॅसेट आणि पुढे दोन चेनरिंग हा संच अजूनही सरस ठरतो, तोही बहुतेक जुन्याच पार्ट्समधून. त्यात क्लच नाही आणि जुन्या शिफ्टरचं आतलं ग्रीस वाळून दाते अडकतात; पातळ तेलाने धुऊन पुष्कळदा परत चालू होतात. १० स्पीडचा ॲडव्हेंट एक्स ११-४८ देतो, पण पायऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या. त्यामुळे केवळ जास्त गिअर दिसतात म्हणून तो घ्यायचं कारण नाही. तीव्र चढ असतील तरच.

चेन ०.७५ टक्के लांबली की बदला. नॅरो-वाइड चेनरिंग आणि झिजलेली चेन एकत्र राहिली तर आधी चेनरिंगचे दाते जातात.

आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर ती आणायच्या आधी एक काम करा. मागचा हँगर सुटा निघणारा असतो आणि तो त्या-त्या मॉडेलचाच लागतो. जुन्या मॉडेलचा हँगर मिळतोय का ते शोधा आणि मिळाला तर दोन मागवा. स्टीलचा वाकलेला हँगर परत सरळ करता येतो, ॲल्युमिनियमचा दुसऱ्यांदा वाकवला की तुटतो. हँगर कुठेच मिळत नसेल, तर ती फ्रेम कितीही चांगल्या अवस्थेत असली तरी दुसरी बघा.